कडा ते निघोज : सरहद्दीखालचा अखंड पाषाण

#धागा

१/ बीड जिल्ह्यातील कडा येथून अहिल्यानगरमार्गे निघोजला सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे पाहण्याची ही एका दिवसाची सहल. शंभर वर्षांपूर्वी मात्र याच प्रवासात दोन राजवटींची सरहद्द ओलांडावी लागे.

२/ कडा ज्या आष्टी तालुक्यात आहे, तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निघोजचा पारनेर तालुका पेशवाईच्या अस्तानंतर ब्रिटिश अमलाखाली आला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दोन्ही गावे एका राज्याची झाली.

३/ खडकाने ही सरहद्द कधीच मानली नव्हती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचत गेला. कड्याच्या विहिरींत लागणारा काळा पाषाण आणि कुकडीच्या पात्रातील कातळ ही त्याच घटनेची अपत्ये.

४/ ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने १८३३ मध्ये दख्खनच्या भूरचनेवर निबंध सादर केला. या खडकांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’चे मूळ पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे. सह्याद्रीचे टप्प्याटप्प्यांचे डोंगर पाहिले की नावाचे मर्म उमगते.

५/ हा पाषाण केवळ काळा नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जुन्या थराची झीज होऊन माती बने. पुढच्या लाव्ह्याखाली ती दबून गेली की तांबडा पट्टा उरे. वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पांढरे, हिरवट खनिज स्फटिक जमले. घाटात कापलेल्या दरडींवर हे रंग आजही वाचता येतात.

६/ निघोजचे खळगे मात्र लाव्ह्याने घडवलेले नाहीत. ते पाण्याचे काम आहे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे कातळाच्या खाचेत गरगर फिरतात, खडक घासतात, स्वतःही झिजतात. मग नवे गोटे येतात. असंख्य पावसाळ्यांनी खाचेचा रांजण होतो.

७/ नदीच्या एका काठावर निघोज, तर पलीकडे पुणे जिल्ह्यातील टाकळी हाजी. काठावर मळगंगा देवीचे स्थान आहे आणि चैत्रात तिची यात्रा भरते. भूविज्ञान येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी या जागेचे असामान्यत्व ओळखले होते. श्रद्धा ही त्या ओळखीची भाषा होती.

८/ आज वरच्या अंगाला माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत. त्यांनी शेतीला पाणी दिले. परंतु रांजण घडवणारा पूर आता पूर्वीसारखा मोकळा राहिलेला नाही. खळग्यांच्या इतिहासात माणूस प्रथमच कर्ता म्हणून उतरला आहे. कातळावर नावे कोरणारा आणि खळग्यांत कचरा टाकणाराही तोच.

९/ कड्याच्या परिसरातील पाणी सीनेला मिळते, कुकडीचे घोडनदीला. पुढे दोन्ही भीमेत एकरूप होतात. राजवटींची सरहद्द दीडशे वर्षेही टिकली नाही. तिच्याखालचा पाषाण अखंड राहिला. त्यावर नदीने लिहिलेले मात्र पुन्हा लिहिता येणार नाही. ते जपणे हे दोन्ही काठांचे काम आहे.