पूबेलची पेटी

कर्त्या अधिकाऱ्याचे नाव लोक रस्त्याला देतात, पुलाला देतात, क्वचित एखाद्या पेठेला देतात. पॅरिस नगराने मात्र आपल्या एका प्रशासकाचे नाव कचऱ्याच्या डब्याला दिले, आणि ते फ्रेंच भाषेत असे रुजले की तिकडचे लहान मूलही केराच्या भांड्याला ‘पूबेल’च म्हणते. हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे, ह्याचा त्याला गंधही नसतो. यूजेन पूबेल हा गृहस्थ कायद्याचा प्राध्यापक. १८८३ साली तो सेन प्रांताचा, म्हणजे व्यवहारतः पॅरिसचा, मुख्य प्रशासक झाला, आणि त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला त्याने जी आज्ञा काढली तिने सबंध शहर खवळून उठले.

त्या आज्ञेपूर्वीची रीत अशी होती. घरातला केर रात्री दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला ओतायचा. सकाळी नगराच्या गाड्या येऊन तो उचलीत. ओतणे आणि उचलणे ह्यांच्या मधले जे काही तास, ते चिंध्यावाल्यांचे. पाठीवर वेताची टोपली, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात लोखंडी आकडा, असा हा माणूस ढिगामागून ढीग उपसीत गल्ल्या पालथ्या घाली. श्रोत्यांपैकी कुणाला वाटेल की हा भिकाऱ्यांचाच एक प्रकार असावा. तसे नव्हे. एका मोठ्या उद्योगाचा तो पहिला हात होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातला कागद लाकडाचा नव्हताच. लिननच्या व सुती कापडाच्या चिंध्या कुटून, त्यांचा लगदा करून तो बनवीत. आपल्याकडे जुन्नरचे आणि दौलताबादचे कागदीही चिंध्या, गोणपाट, जुने दोर ह्यांवरच कागद काढीत असत. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुऱ्याचे नाव त्याच धंद्याची खूण आहे. तेव्हा पॅरिसमध्ये ग्रंथ छापले गेले, वर्तमानपत्रे निघाली, राज्ये उलथविणारी पत्रके वाटली गेली, ती सारी कुणाच्या तरी फाटक्या सदऱ्यावर, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. हाडांची बटणे होत, त्यांपासून सरस निघे, आणि हाडांच्या कोळशाने साखर पांढरी करीत. पत्र्याच्या डब्यांची खेळणी होत. फुकट जाईल असे फारच थोडे उरे.

ह्या धंद्यात पायऱ्याही होत्या. सर्वांत खाली रात्रभर भटकणारा. त्याच्या वर ज्याची घरे ठरलेली असा चिंध्यावाला. हा वाड्याच्या दारवानाशी सलोखा ठेवून असे, त्याची बारीकसारीक कामे करून देई आणि त्या बदल्यात त्या घरांच्या केराला पहिला हात घाली. हा हक्क विकता येई. आपल्याकडच्या वतनाशी त्याचे चांगलेच साम्य होते. सर्वांच्या वर माल वजन करून घेणारा अडत्या. नफा बहुतेक तेथेच थांबे, हे सांगावयास नकोच.

सरकारचा ह्या लोकांवर विश्वास मात्र कधीच नव्हता. १८२८ पासून प्रत्येक चिंध्यावाल्याने नाव व वर्णन कोरलेला बिल्ला जवळ बाळगावा असा पोलिसांचा हुकूम होता. १८३२ च्या वसंतात पॅरिसमध्ये पटकीची साथ आली. केर लवकर हलविण्यासाठी नव्या गाड्यांचा मक्ता दिला गेला, तेव्हा चिंध्यावाल्यांनी दंगा करून गाड्या फोडल्या आणि जाळल्या. शहर मरणाच्या भीतीने थरथरत असताना केराच्या गाड्यांवरून दंगा व्हावा, ह्याचे सुखवस्तू लोकांना नवल वाटले. आम्हांला नवल वाटत नाही. साथीने मरणे ही शक्यता होती, ढीग गेला तर उपाशी राहणे हे निश्चित होते.

आता पूबेलची आज्ञा पाहू. १५ जानेवारी १८८४ पासून प्रत्येक घरमालकाने झाकणाची पेटी ठेवावी, केर रस्त्यावर न ओतता तिच्यात भरावा, आणि गाडी येण्याच्या सुमारास ती बाहेर आणावी. एवढेच असते तरी बोभाटा झालाच असता. परंतु आज्ञेत आणखी एक कलम होते, ज्याकडे इतिहासकारांचेही पुष्कळदा दुर्लक्ष होते. पेट्या तीन हव्या होत्या: एक कुजणाऱ्या पदार्थांची, एक कागद व कापडाची, आणि एक काचा, फुटकी भांडी व कालवांचे शिंपले ह्यांची. (पॅरिसकरांना कालवे किती प्रिय, हे ह्या एका शब्दावरून कळते.) ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, असे आपल्याला आज सांगितले जाते तेव्हा ही कल्पना अगदी नवी वाटते, तिला १८८४ सालची जुनी मोहोर आहे.

वर्तमानपत्रे पूबेलवर तुटून पडली. घरमालकांना पेट्यांचा खर्च नको होता, दारवानांना त्रास नको होता. चिंध्यावाल्यांचा तर घासच गेला. विशेषतः ज्यांची घरे ठरलेली नव्हती ते पार बुडाले. आरोग्यदृष्ट्या पूबेलचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. रस्त्यावर रात्रभर कुजत पडलेला केर चांगला, असे कोण म्हणेल? पण केर कुणाच्या हातून जातो हे त्याने विचारात घेतले नव्हते. अखेर आज्ञा सौम्य झाली. गाडी येण्यापूर्वी पेटी एका फडक्यावर ओतून निवडण्याची आणि उरलेले परत भरण्याची मुभा चिंध्यावाल्यांना मिळाली. तोवर लाकडाच्या लगद्याचा कागद बाजारात येऊन चिंध्यांचा भावही उतरणीला लागला होता.

आणि तीन पेट्यांचे काय झाले? पेटी राहिली, निवड गेली. घरोघर सारे एकाच पेटीत पडू लागले. कुजणारा केर वेगळा देण्याची सोय घरोघरी करावी, हे फ्रान्समध्ये पुन्हा कायद्याने बंधनकारक व्हायला १ जानेवारी २०२४ उजाडावा लागला. म्हणजे मध्ये १४० वर्षे गेली.

हा परका इतिहास इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, तोच पेच आपल्या दारात आला तेव्हा पुण्याने त्याची गाठ वेगळ्या टोकाने सोडविली. १९९३ साली येथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांतही बहुतेक दलित समाजातल्या. महानगरपालिकेने ह्या स्त्रियांना ओळखपत्रे मान्य केली. १८२८ चा बिल्ला पाळतीसाठी होता, हे ओळखपत्र कामाची कबुली म्हणून होते. दोन्ही छातीवर लावायचेच, पण अर्थ उलटा. पुढे २००८ साली महानगरपालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करू लागली. कामाबद्दल घराने शुल्क द्यावयाचे, आणि निवडलेल्या मालाचे पैसे निवडणारीचे, असा तो व्यवहार. पॅरिसमध्ये पेटी आणि चिंध्यावाला समोरासमोर उभे ठाकले होते. येथे पेटी चिंध्यावालीच्याच हाती दिली गेली. घरातच वर्गवारी करावी असे २००० सालचे नियम सांगत होते. २०१६ च्या नियमांत कचरावेचकांचा स्पष्ट उल्लेख आला.

नियम झाले, राहिला उंबरठा. दिवाळीपूर्वी माळा खाली उतरतो तेव्हा काय होते ते पाहावे. जरीची साडी बोहारणीसाठी बाजूला निघते. ती येते, पदर उलगडून उजेडात धरते, विरलेली जागा बोटाने दाखवते. घरची बाई पातेल्याला ठोका देऊन ते हलके आहे म्हणते. अर्धा तास घासाघीस चालते आणि दोघी बरोबरीने बोलतात. जुनी वर्तमानपत्रे रद्दीवाल्याकडे, तांब्यापितळेची मोड तांबटाकडे. तेथेही काटा डोळ्यांसमोर असतो. मग जे उरते, म्हणजे फाटकी उशी, औषधांच्या बाटल्या, फुटका आरसा, मुलांच्या वह्या, ते सारे भाजीच्या देठांबरोबर एकाच बादलीत जाते. वेचणारी बाई त्या वह्या देठांतून ओढून काढते, झटकते, उन्हात पसरते. आरशाचा तुकडा हाताला लागला तर तो कोणत्या घरातला हे तिला कळत नाही. वह्या सुकल्या नाहीत तर दुकानदार त्यांचा भाव कमी धरतो, किंवा घेतच नाही.