प्राचीन रोममधील कुमारवय

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं स्मरणिकेसाठीं एखादा इतिहासविषयक लेख लिहून द्यावा, अशी संपादक मंडळानें मजकडे मागणी केली. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास लिहिण्यास माझ्यापेक्षां अधिक माहितगार मंडळी येथें आहेत. म्हणून मीं थोडा दूरचा विषय घेतला आहे. सेमिनरींत लॅटिन भाषा शिकत असतां आम्हांस सीझर, सिसेरो, व्हर्जिल यांचे ग्रंथ वाचावे लागत. त्यांत लढाया होत्या, न्यायसभेंतील भाषणें होतीं, राज्यांचे उदयास्त होते. त्या वेळीं आमचें वय सोळासतरा वर्षांचें. हे थोर रोमन लोक आमच्या वयाचे असतांना काय करीत असतील, ही जिज्ञासा मनांत येई. पण गुरुजनांना विचारण्याचा धीर होत नसे. आतां पन्नाशी उलटली. वयांत येणाऱ्या मुलांविषयीं आईबापांच्या तक्रारी ऐकतांना तोच प्रश्न पुन्हां मनांत उभा राहतो. त्याचें जें उत्तर इतिहासांत मिळतें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. रोमन घर म्हणजे बापाचें राज्य. बाप जिवंत असेपर्यंत त्याचीं मुलें, तीं कितीही मोठीं झालीं तरी, सामान्यतः कायद्यानें त्याच्याच सत्तेखालीं असत. मुलगा चाळीस वर्षांचा होऊन मोठ्या अधिकारावर चढला, तरी त्यानें मिळविलेला पैसा कायद्याच्या दृष्टीनें बहुधा बापाचाच. नुकतेंच जन्मलेलें मूल घरांत वाढवावयाचें कीं नाहीं, हेंही बापच ठरवी. ज्या मुलाचा बाप मरण पावला असेल त्याला पालक नेमीत आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास तें पालकत्व संपे. तथापि अननुभवी तरुणांस कोणी फसवूं नये म्हणून पंचविसाव्या वर्षापर्यंत कायदा त्यांस विशेष संरक्षण देई. बालपण केव्हां संपतें, याचें एकच उत्तर रोमन कायद्यालाही देतां आलें नाहीं.

स्वतंत्र नागरिकाच्या मुलाला मात्र बालपण संपल्याचा दिवस डोळ्यांनीं दिसत असे. लहानपणीं तो जांभळ्या कांठाचा तोगा अंगावर घेई व गळ्यांत बुल्ला नांवाचा ताईत घाली. श्रीमंताचा सोन्याचा, गरिबाचा चामड्याचा. चौदा ते सतरा वर्षांच्या दरम्यान, बापाला योग्य वाटेल तेव्हां, मुलगा हा ताईत काढून गृहदेवतांना अर्पण करी आणि कांठाचें वस्त्र टाकून प्रौढ पुरुषाचा साधा पांढरा तोगा परिधान करी. यासाठीं १७ मार्च रोजीं येणारा लिबेरालिया नांवाचा सण विशेष पसंत करीत. मग बाप, आप्तेष्ट व घराचे आश्रित यांच्यासह तो फोरमवर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकांत, जाई आणि नागरिकांच्या यादींत त्याचें नांव दाखल होई. त्या दिवशीं म्हाताऱ्या बायका डोक्यावर वेलीच्या पानांचे मुकुट घालून रस्त्याच्या कडेला मधाच्या पोळ्या विकीत बसत. मुलाला तो मोठाच आनंदाचा दिवस वाटत असेल.

सुप्रसिद्ध वक्ता सिसेरो याच्या मुलाचा हा दिवस मात्र निराळ्या परिस्थितींत आला. इ. स. पूर्व ४९ मध्यें सीझरनें यादवी युद्ध आरंभिलें व रोम शहर त्याच्या हातीं गेलें. सिसेरोला तेथें जाववेना. तेव्हां त्यानें आपलें मूळ गांव आर्पीनुम येथेंच मुलाला, मार्कुसला, पांढरा तोगा दिला. मार्कुस तेव्हां सोळाव्या वर्षांत होता. पुढें लवकरच हा मुलगा ग्रीसमध्यें पाँपेच्या सैन्यांत घोडदळाच्या एका पथकावर होता. वस्त्र बदललें, आणि त्याबरोबर बापाच्या पक्षाचें युद्धही अंगावर आलें.

त्या दिवसापूर्वीचीं वर्षें शाळेंत जात. अक्षरें व आंकडे शिकविणारा साधा पंतोजी झाला, म्हणजे अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास ऐपतदार घरचा मुलगा व्याकरणाच्या शिक्षकाकडे जाई आणि तेथें ग्रीक व लॅटिन काव्यें पाठ करी. त्यानंतर वक्तृत्वाचा गुरु. शाळा उजाडण्यापूर्वीं भरे. कवि मार्शल यानें तर आपल्या शेजारच्या पंतोजीच्या ओरडण्यानें कोंबडा आरवण्याआधींच झोपमोड होते, अशी थट्टेची तक्रार करून ठेवली आहे. मुलें दिवे घेऊन येत, आणि त्या दिव्यांच्या काजळीनें शाळेंतील होरेस व व्हर्जिल काळे पडत, असें जुव्हेनाल सांगतो. लिहिण्यास मेण लावलेल्या लांकडी पाट्या असत. त्यांवर टोंकदार शलाकेनें लिहीत व तिच्या चपट्या बाजूनें पुसून टाकीत. मुलासोबत शाळेंत जाण्यास घरचा एक दास असे. होरेसचा बाप स्वतः दास्यांतून मुक्त झालेला, साधा मनुष्य. परंतु तो मुलाला रोमला घेऊन आला आणि कोणा दासावर न सोंपवितां स्वतःच त्याच्याबरोबर शिक्षकांकडे जात असे. होरेस मोठा कवि झाल्यावरही हें विसरला नाहीं.

छडीवांचून विद्या नाहीं, अशी तेथेंही बहुतेकांची समजूत होती. पाँपेई येथें सांपडलेल्या एका भित्तिचित्रांत एका मुलाला दुसऱ्याच्या पाठीवर उचलून धरलें आहे, तिसऱ्यानें पाय धरले आहेत आणि शिक्षक त्याला झोडपीत आहे. जवळच बसलेलीं मुलें मांडीवरच्या पाट्यांवरून मान वर करीत नाहींत. क्विंतिलियान या शिक्षणशास्त्रज्ञानें मारण्याच्या पद्धतीविरुद्ध स्पष्ट लिहिलें. मार खाऊन मुलगा दासासारखा निर्ढावतो, असें त्याचें म्हणणें. पण त्याचें ऐकणारे थोडे होते.

मुलींच्या जीवनांत पांढऱ्या तोग्याचा दिवस नव्हता. त्यांचें बालपण लग्नानें संपे, आणि कायद्यानें बारा वर्षें पुरीं झालेली मुलगी विवाहयोग्य मानली जाई. सर्वच मुलींचीं लग्नें इतक्या लवकर होत नसत. साधारण घरांत तीं पुष्कळदां सतरा-अठराव्या वर्षाकडे होत. परंतु उच्च कुळांत बारा-तेरा-चौदाव्या वर्षीं लग्न ठरणें नवल नव्हतें. लग्नापूर्वीं मुलगी आपलीं खेळणीं देवतांना अर्पण करी. रोममध्यें १८८९ सालीं न्यायमंदिराचा पाया खणतांना क्रेपेरेइया त्रिफेना नांवाच्या एका तरुण स्त्रीची शवपेटी सांपडली. तींत तिच्याशेजारीं हस्तिदंती बाहुली होती. हातपाय सांध्यांत वळणारी, सोबत छोटी फणी व आरसे. ती बाहुली देवाला वाहण्याचा दिवस तिच्या आयुष्यांत आला नसावा, असें पाहणाऱ्यास वाटतें.

धाकट्या प्लिनीनें आपल्या मित्राच्या मुलीविषयीं लिहिलेलें एक पत्र आहे. तिचें नांव मिनिकिया मार्चेल्ला. ती अभ्यासू, खेळांत संयमी, वडिलांच्या गळ्याला मिठी मारणारी. लग्न ठरलेलें, दिवस नेमलेला, आणि तेवढ्यांत आजारानें ती गेली. वस्त्रें, मोतीं व रत्नें यांसाठीं राखलेला पैसा धूप व सुगंधी द्रव्यें यांत खर्च करण्याचा हुकूम बापाला करावा लागला. प्लिनीच्या लिहिण्याप्रमाणें तिला अजून चौदा वर्षें पुरीं झालीं नव्हतीं. परंतु रोमजवळ सांपडलेल्या तिच्या स्मारकावर वय कोरलें आहे तें बारा वर्षें, अकरा महिने व सात दिवस. बापानें दिवससुद्धां मोजून ठेवले होते. रोमन बापाची सत्ता कठोर होती, तरी त्याला माया नव्हती असें म्हणतां येत नाहीं.

येथवर ज्यांच्या घरीं पैसा होता त्यांचें झालें. गरिबांच्या मुलांचें कुमारवय कामांत जाई. रोमन सत्तेखालील इजिप्तमध्यें ऑक्सिरिंकस या गांवीं जुने कागदपत्र पुष्कळ मिळाले आहेत. त्यांत मुलांना धंदा शिकण्यास ठेवल्याचे करार आहेत. इ. स. ६६ मधील एका करारानें त्रिफोन नांवाच्या गृहस्थानें आपला अज्ञान मुलगा थोओनिस एका विणकराकडे एक वर्ष ठेविला. मुलगा जितके दिवस गैरहजर राहील तितके दिवस त्यानें वर्षाअखेर भरून द्यावयाचे, नाहींतर दर दिवसाला एक द्राख्मा द्यावयाचा. इ. स. १८३ मधील दुसऱ्या एका करारांत पांच वर्षांची बोली आहे, काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, आणि वर्षाला सणांच्या सुट्या वीस. दोन्ही कागदांवर दोन प्रौढांची संमति आहे. मुलाची संमति कोठेंच नाहीं.

दासांच्या मुलांना तर हेंही नव्हतें. लॅटिन भाषेंत दासाला पुएर, म्हणजे मुलगा, म्हणून हांक मारीत. तो साठ वर्षांचा झाला तरी मुलगाच. आम्हीं वर्गांत हा शब्द चालवून पाठ केला. त्याच्या मागें किती माणसांचें आयुष्य दडलें आहे, हें तेव्हां आम्हांस कोणी सांगितलें नाहीं.

हें सर्व वाचतांना एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहते. या मुलामुलींविषयीं जें आपणांस कळतें तें जवळजवळ सर्व बापांनीं, शिक्षकांनीं, धन्यांनीं लिहिलेलें आहे. मुलांचा स्वतःचा आवाज फारच क्वचित् ऐकूं येतो. तो जेथें येतो, तेथें थांबून ऐकावा असें वाटतें.

सिसेरोचा मुलगा मार्कुस यास पुढें बापानें अथेन्सला शिकण्यास पाठविलें आणि खर्चासाठीं रोममधील घरांचें भाडें लावून दिलें. मुलगा उधळा झाल्याचीं वृत्तें बापाच्या कानीं आलीं. इ. स. पूर्व ४४ मध्यें, विशी ओलांडलेला असतां, मार्कुसनें तिरो यास पत्र लिहिलें. हा तिरो म्हणजे सिसेरोचा पूर्वीचा दास व विश्वासू लेखक. आपल्या तारुण्यांतील चुकांचें आपणांस फार दुःख होतें, आतां आपण गुरूंच्या सहवासांत असतों, असें तो लिहितो. आणि टिपणें उतरून काढण्यास एक लेखक पाठवून द्यावा, अशी मागणीही करतो. बापाजवळ जें बोलवेना, तें त्यानें तिरोजवळ बोलून दाखविलें.

दुसरा आवाज आपणां सर्वांच्या परिचयाच्या संत अगस्तीनचा. आफ्रिकेंतील थागास्ते गांवीं इ. स. ३५४ मध्यें त्याचा जन्म झाला. शाळेंत मार बसूं नये म्हणून आपण देवाची प्रार्थना करीत असूं, आणि आपल्या त्या दुःखाला घरचीं वडील माणसें, आईबापसुद्धां, हंसत असत, असें तो लिहितो. सोळाव्या वर्षीं पुढील शिक्षणासाठीं बापाजवळ पैसा नव्हता, म्हणून तो वर्षभर घरीं रिकामा राहिला. त्याच वर्षीं सोबत्यांबरोबर रात्रीं जाऊन त्यानें शेजारच्या झाडाचीं नासपतीचीं फळें चोरलीं. भूक नव्हती, फळेंही चांगलीं नव्हतीं. बरींचशीं डुकरांपुढें टाकलीं. एकटा असतों तर हें केलें नसतें, हें तो मागाहून ओळखतो. बिशप झाल्यावरही त्याला शाळेंतला तो मार आणि ते हंसणें आठवत होतें.

तिसरा आवाज भिंतीवरचा आहे. रोममध्यें पालातिन टेंकडीवर, सम्राटांच्या वाड्याजवळ, जेथें राजघराण्याचे दास मुलगे चाकरीचें शिक्षण घेत असें मानतात, त्या इमारतींत १८५७ सालीं एक ओरखडून काढलेलें चित्र सांपडलें. तें इ. स. २०० च्या सुमाराचें असावें. क्रुसावर गाढवाचें डोकें असलेली आकृति आहे. खालीं एक जण हात उंचावून उभा आहे. आणि अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करीत आहे, अशा अर्थाचे ग्रीक शब्द आहेत. सोबत्यांनीं एका ख्रिस्ती मुलाची केलेली ही कुचेष्टा, असें बहुतेक विद्वान समजतात. पुढें त्याच इमारतीच्या दुसऱ्या खोलींत अलेक्सामेनोस श्रद्धावंत आहे, एवढेच लॅटिन शब्द कोरलेले आढळले. त्यानें स्वतः लिहिले असोत वा एखाद्या मित्रानें, ते त्याच्या बाजूचे आहेत. ज्याला कोणी तोगा दिला नाहीं, करारांत ज्याची संमति कोणी विचारली नसती, अशा मुलाचें मन कोठें होतें हें त्या शब्दांवरून कळतें.

प्रिय वाचकहो, रोमन लोकांनीं आपल्या मुलांना पुष्कळ दिलें: भाषा, शिस्त, नागरिकत्वाचा अभिमान. त्यांच्यांत प्रेम नव्हतें असें नाहीं. मिनिकियेच्या बापानें मोजलेले ते सात दिवस साक्षीला आहेत. परंतु तारुण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला तुझ्या मनांत काय आहे, असें विचारण्याची त्या समाजाला संवय नव्हती. आपणही मुलांसाठीं शाळा निवडतों, धंदा निवडतों, कधीं कधीं सोयरिकही जमवितों, आणि हें सर्व मायेपोटींच करतों. तें करावें, पण त्याबरोबर एखाद्या संध्याकाळीं, जेवणें आटोपल्यावर, मुलाला जवळ बसवून त्याचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें आणि तो रडला तर हंसूं नये. थागास्तेच्या मुलानें तें हंसणें जन्मभर लक्षांत ठेविलें होतें.