वाहतूकविद्येची दारे आणि शाळकरी मुले

बडोदे आणि आगगाडी यांचा संबंध बैलांपासून सुरू होतो. १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, डभोई ते मियागाम असा सुमारे वीस मैलांचा, अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घातला गेला. हिंदुस्थानातला हा पहिला अरुंदमापी मार्ग. त्याचे रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना पेलवेना, म्हणून डबे बैल ओढत असत. पुढे जड रूळ घालून १८७३ मध्ये त्यावर इंजिन नियमितपणे धावू लागले. आज ही हकीकत गमतीची वाटते. पण आपल्या देशातील वाहतुकीच्या इतिहासाचा क्रमच त्यात दिसतो. आधी मार्ग आला, मग यंत्र आले, आणि ते यंत्र समजून घेऊन चालवणारा, दुरुस्त करणारा, त्याचा कारभार पाहणारा देशी माणूस तयार करण्याचा विचार सर्वांत शेवटी झाला. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलासमोर वाहतुकीच्या व्यवसायाची दारे कोणत्या काळी उघडली आणि कोणत्या काळी बंद झाली, याचा शोध त्यामुळे इंजिनांच्या इतिहासापेक्षा अधिक बोधक आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. या उपक्रमामागे नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या मुंबईकरांची उमेद होती, हे शाळेत शिकवले जाते. इंजिनावर कोण उभे होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ड्रायव्हर विलायतेहून येत. देशी माणूस कोळसा टाकी, रूळ ठोकी, सांधे बदली. १८६२ च्या ८ फेब्रुवारीला, म्हणजे डभोईच्या बैलांच्याच वर्षी, ईस्ट इंडियन रेल्वेने बिहारात जमालपूर येथे मोठा कारखाना सुरू केला. तिथल्या हातोड्यांखाली हजारो बिहारी आणि बंगाली हात तयार झाले. तरी कारखान्याच्या कचेरीत बसणारे साहेबच राहिले. जवळजवळ साठ वर्षांनी, १९२१ साली, अ‍ॅक्वर्थ समितीने रेल्वेच्या कारभाराचा अहवाल दिला. तेव्हा रेल्वेत सुमारे सात लाख दहा हजार माणसे होती. त्यांत युरोपीय जेमतेम सात हजार. पण सर्वोच्च जागांवर एकही भारतीय नव्हता आणि त्याखालच्या वरिष्ठ जागांवरही फारच थोडे होते. या एका आकड्यात पुष्कळ इतिहास सामावला आहे.

या साठ वर्षांत देशी संस्थानांनी काय केले, असे विचारले तर बडोद्याला काही सांगण्यासारखे आहे. नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले आणि प्राचार्यपदी त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाला नेमले. यंत्रविद्या, रंगविद्या, सुतारकाम, चित्रकला हे सारे एका छपराखाली शिकवायचे आणि शक्य तितके देशी भाषांतून शिकवायचे, हा गज्जरांचा आग्रह होता. गुजराती आणि मराठीत शास्त्रीय ग्रंथ व परिभाषा तयार करण्याच्या कामाला महाराजांनी पैसा पुरवला. लेथवर उभे राहणाऱ्या मुलाला आपल्या भाषेत यंत्र समजले पाहिजे, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. याच कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले, हे सर्वांना ठाऊक असते. पण तिथून बाहेर पडून गिरण्यांत आणि कारखान्यांत नाव न मिळवता आयुष्य घालवणारे जे शेकडो कारागीर झाले, त्यांची स्मरणिका कोणी काढली नाही. कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत सामावले गेले. देशी भाषेचा आग्रह मात्र त्या इमारतीबरोबर पुढे गेला नाही.

खरा बदल घडला तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. १९२४ साली ली आयोगाने रेल्वेच्या वरिष्ठ नोकऱ्यांत नव्या भरतीपैकी पंचाहत्तर टक्के जागा भारतीयांना द्याव्यात, अशी शिफारस केली. शिफारस करणे सोपे होते. माणसे आणायची कुठून? १९२७ साली या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली, एक रुळावर आणि एक पाण्यावर. दोन्ही उत्तरे शाळकरी वयाच्या मुलांसाठी होती, हे विशेष.

पाण्यावरचे उत्तर म्हणजे ‘डफरिन’ ही प्रशिक्षण-नौका. १९०४ साली सैनिकांच्या ने-आणीसाठी बांधलेले हे जहाज मुंबईत माझगावच्या धक्क्याजवळ नांगरून ठेवण्यात आले आणि त्यावर मिसरूडही न फुटलेली मुले कॅडेट म्हणून दाखल झाली. या घटनेमागे आठ वर्षांचा झगडा होता. सोलापुरात वाढलेले वालचंद हिराचंद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून विलायतेकडे निघाले. आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज देशी, भांडवल देशी. पण ते चालवणारे अधिकारी परके. रत्नागिरीच्या खाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी निघत, जगातल्या सगळ्या बंदरांची नावे त्यांच्या तोंडी असत. पण जहाजाच्या पुलावर, नकाशासमोर उभे राहण्याचा अधिकार त्यांना नव्हता, कारण त्यासाठी लागणारे शिक्षण हिंदुस्थानात कुठेच मिळत नव्हते. पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात हा प्रश्न उठवला, समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीतून ‘डफरिन’ उभी राहिली. पहिल्याच तुकडीत रामदास कटारी नावाचा एक मुलगा होता. २२ एप्रिल १९५८ रोजी तो भारतीय नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. व्यापारी जहाजांसाठी उघडलेल्या दारातून देशाच्या नौदलाचा प्रमुख बाहेर पडावा, यावरून त्या दाराची किंमत समजते. ‘डफरिन’ची जागा १९७२ साली ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून ते काम नवी मुंबईत ‘चाणक्य’ या नावाने जमिनीवर चालू आहे. २००८ साली भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ही संस्था त्याचा भाग बनली.

रुळावरचे उत्तर जमालपूरला मिळाले. तिथे १८८८ पासून तांत्रिक शाळा होतीच. १९२७ साली तिथे ‘स्पेशल क्लास रेल्वे अ‍ॅप्रेंटिस’ योजना सुरू झाली. ‘अ‍ॅप्रेंटिस’ला मराठीत जुना, नेमका शब्द आहे : उमेदवार. सतरा ते एकवीस वर्षांच्या दरम्यानची, इंटर किंवा बारावी झालेली मुले देशपातळीवरच्या परीक्षेतून निवडली जात. गणित, भौतिक विज्ञाने, सामान्य क्षमता अशा प्रश्नपत्रिका आणि मग मुलाखत. स्वातंत्र्यानंतर ही परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेत असे, म्हणजे जिल्हाधिकारी निवडणारा तोच आयोग. निवड झाली की चार वर्षे जमालपूर. दिवसाचा एक भाग वर्गात, दुसरा कारखान्यात, फिटरच्या, लोहाराच्या, साचेकाराच्या हाताखाली. ज्याच्या हाताखाली आज कानस धरायला शिकायचे, त्याच्यावर उद्या अधिकारी म्हणून हुकूम चालवायचा, हा या शिक्षणाचा विलक्षण भाग होता. आणि जमालपूरहून आलेले अधिकारी कामगारांशी वेगळ्या सुरात बोलतात असे जे रेल्वेत म्हटले जाई, त्याचे मूळ तिथेच असावे.

या योजनेत सर्वांत मोलाची गोष्ट होती विद्यावेतन. शिक्षणाचा खर्च बापाच्या खिशातून नव्हे, रेल्वेच्या तिजोरीतून होई, आणि शिक्षण संपताच रेल्वेच्या यांत्रिक सेवेत वर्ग एकच्या जागेचा मार्ग मोकळा होई. एखाद्या कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घरातल्या हुशार मुलासाठी याहून सरळ जिना त्या काळी दुसरा नव्हता. पण जिना अरुंद होता. वर्षाला कधी दहा-बारा, कधी चाळीसच्या आसपास जागा; साऱ्या देशातून. पहिल्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजी भाषेचे प्रश्न असत, त्यामुळे मराठी किंवा तमिळ माध्यमातल्या मुलाला गणितात मिळवलेले गुण तिथे गमवावे लागण्याची भीती होती. आणि सर्वांत मोठी अडचण इंग्रजीहूनही साधी होती : अशी काही परीक्षा असते, हेच बहुतेक शाळांत कोणाला माहीत नसे. ज्या घरात कोणी रेल्वेत होते, त्या घरातल्या मुलाला ते कळे.

२०१५ च्या परीक्षेनंतर ही निवड थांबली. देशात अभियांत्रिकी महाविद्यालये उदंड झाली होती, पदवीधर अभियंते अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून मिळत होते, तेव्हा मोजक्या मुलांसाठी चार वर्षांची स्वतंत्र व्यवस्था का ठेवावी, हा हिशेब समजण्यासारखा आहे. तरीही सुमारे नव्वद वर्षे चाललेले, पैसे न घेता उलट पैसे देणारे एक दार बंद झाले, ही गोष्ट त्या हिशेबात बसत नाही.

वरच्या दाराची ही कथा चालू असताना खालचे दार बहुसंख्य मुलांसाठी उघडे होते, आणि इतिहासात त्याची नोंद फार कमी होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांना शिकाऊ मुले घेणे बंधनकारक केले. दहावीनंतर आयटीआय, मग रेल्वेच्या किंवा एसटीच्या कारखान्यात एक वर्ष उमेदवारी, मग भरतीची परीक्षा, हा रस्ता मध्यमवर्गीय पालकांनी बराच काळ ‘अभ्यासात मागे पडलेल्यांचा’ मानला. सुरेखा यादव यांची कारकीर्द हा समज खोडून काढते. साताऱ्यात वाढलेल्या, कराडच्या तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि आगगाडी चालवणारी देशातली पहिली स्त्री म्हणून ओळखल्या गेल्या. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी त्यांनीच आणली. त्यांच्यापाशी ना जमालपूर होते, ना मोठी पदवी. होती ती दहावीनंतरची पदविका आणि जाहिरात पाहून केलेला अर्ज.

आता पुन्हा बडोद्याकडे. १९५२ साली रेल्वे स्टाफ कॉलेज या शहरात आले आणि गायकवाड घराण्यासाठी १९१४ मध्ये बांधलेल्या प्रतापविलास राजवाड्यात स्थिरावले. देशभरातले रेल्वे अधिकारी तिथे प्रशिक्षणाला येत. त्या आवाराच्या भिंतीलगतच्या रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या. पण आत जायचे तर आधी अधिकारी व्हावे लागे. २०१८ साली हे चित्र पालटले. त्याच आवारात राष्ट्रीय रेल्वे व परिवहन संस्था अभिमत विद्यापीठ म्हणून सुरू झाली आणि बारावी उत्तीर्ण मुलांसाठी परिवहन व्यवस्थापन आणि परिवहन तंत्रज्ञान असे दोन पदवी अभ्यासक्रम खुले झाले. २०२२ च्या कायद्याने तिचे रूपांतर ‘गतिशक्ती विश्वविद्यालय’ या केंद्रीय विद्यापीठात झाले. आता रेल्वेपुरतेच नव्हे तर रस्ते, बंदरे, विमानवाहतूक, मालवाहतूक असे सर्वच विषय त्याच्या कक्षेत आले आहेत. बैलांनी डबे ओढलेल्या संस्थानाच्या राजधानीत हे विद्यापीठ यावे, यात योगायोगाचा भाग असेलही; पण राजवाडा, कारखाना आणि मार्ग यांची साठ-सत्तर वर्षांची जोड नसती तर तो योगायोग घडला नसता.

मात्र जमालपूर आणि हे विद्यापीठ यांत एक फरक पालकांनी ध्यानात घ्यायला हवा. इथे विद्यार्थी शुल्क भरून शिकतो आणि पदवीनंतर नोकरी स्वतः मिळवतो. रेल्वेतली जागा पदवीबरोबर येत नाही. ‘रेल्वेचे विद्यापीठ’ हे शब्द ऐकून पुष्कळ घरांत उलटा समज होतो.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांना थेट भिडणारी आहे. तंत्रशाखेच्या पदवीला प्रवेश जेईई मेन परीक्षेतून मिळतो. २०२१ पासून ही परीक्षा तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. गुजरातमधल्या केंद्रावर बसणाऱ्या मुलापुढे इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि गुजराती हे पर्याय राहतात. बडोद्याच्या मराठी शाळेत दहा वर्षे गणित शिकलेल्या मुलाला आपल्या भाषेत प्रश्न वाचायचा तर महाराष्ट्रातले केंद्र घ्यावे लागते. सागरी शिक्षणात अट वेगळी आहे : दहावी किंवा बारावीला इंग्रजी विषयात किमान पन्नास टक्के गुण. माध्यम कोणते, हे तिथे विचारले जात नाही, त्यामुळे मराठी माध्यमाचा मुलगा किंवा मुलगी इंग्रजीचा एक विषय नीट करून ती अट सहज पुरी करू शकते. रेल्वे भरती मंडळाच्या सहायक लोको पायलट परीक्षेत तर मराठीचा पर्याय उपलब्ध असतो. अर्ज भरताना तो निवडावा लागतो, आणि एकदा निवडलेली भाषा परीक्षेच्या दिवशी बदलून मिळत नाही.