आकाश ऐकण्याचा इतिहास



रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे थांबला की नुसती खरखर ऐकू येते. आपण कंटाळून काटा पुढे सरकवितो. परंतु याच खरखरीचा चिकाटीने हिशेब ठेवणाऱ्यांनी विसाव्या शतकात एका नव्या शास्त्राचा पाया घातला.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या कार्ल जान्स्की यांना एक बारीक खरखर दर २३ तास ५६ मिनिटांनी जोर धरताना आढळली. सूर्य २४ तासांनी परत येतो, तारे मात्र ४ मिनिटे आधी. यावरून ही खरखर आकाशगंगेतून येते, असे त्यांनी १९३३ साली जाहीर केले.

प्रत्येक उष्ण वस्तू रेडिओलहरी सोडते, म्हणून गोंगाट तापमानाच्या मापात, केल्विनमध्ये, मोजतात. यालाच 'नॉइज टेंपरेचर' म्हणतात. पायाखालच्या जमिनीचे ते सुमारे ३०० असते. पेन्झियास व विल्सन यांनी आपल्या ॲन्टेनाचा असाच हिशेब मांडला, आत बसलेली कबुतरेही हाकलली. तरी सुमारे ३.५ केल्विन शिल्लक उरलेच. १९६५ साली प्रसिद्ध झालेली ही शिल्लक म्हणजे विश्वाच्या आरंभकाळाची ऊब होती. १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात हे काम टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभे केले. १९६५ साली कल्याणला ३२ लहान तबकड्या बसल्या. १९७० साली उटीची दुर्बीण सुरू झाली. तिच्या १०५६ द्विध्रुवांचे संदेश योग्य मेळात जोडून तिची नजर उत्तर-दक्षिण फिरवितात. पुढे पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ, खोडद व आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना उभ्या राहिल्या.

शाळेत तीस मुले एकदम बोलू लागली की कल्ला होतो. तीच एका सुरात राष्ट्रगीत म्हणू लागली की शब्द न् शब्द दूरवर पोहोचतो. खोडदलाही प्रत्येक ॲन्टेनाचा संदेश नेमका तेवढा उशीर देऊन एका तालात मिळविता येतो. प्रत्येकीचा स्वतःचा गोंगाट मात्र बेताल राहतो. त्यामुळे गोंगाटाच्या मानाने संदेश तीसपटीपर्यंत ठळक होतो.

या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीतून जमिनीचा थोडा गोंगाट झिरपतो. पण दोन मीटर लांबीच्या लहरींवर आकाशगंगेचाच गोंगाट एवढा मोठा, की महागडा पत्रा घालून फारसा लाभ नाही. हे आधी मोजले, म्हणूनच मर्यादित पैशांत एवढे मोठे काम झाले.

अशा दुर्बिणीला शहरापासून दूरची शांत जागा लागते, म्हणून ती खेड्यात आहे. तेव्हा ब्रह्मपुरीसारख्या आडबाजूच्या गावात राहून मोठे विज्ञान आपल्या वाट्याला कुठले, असे मुलामुलींना वाटू देऊ नका. जे ऐकू येते त्यात आपले किती व बाहेरचे किती, हा प्रामाणिक हिशेब येथेही शिकता येतो. इल्मची सुरुवात त्यातूनच होते.