गोल्फ कार्ट बंद पडली? दोष शोधावा क्रमाक्रमाने

गोल्फच्या मैदानासाठी जन्मलेली विजेवर चालणारी छोटी गाडी आता मैदानापुरती उरलेली नाही. विस्तीर्ण गृहसंकुले, रुग्णालयांची आवारे, विद्यापीठे, रिसॉर्ट अशा अनेक ठिकाणी ज्येष्ठ नागरिक, रुग्ण आणि पाहुण्यांची ने-आण तिच्यावर अवलंबून असते. त्यामुळे एखाद्या सकाळी ती जागची हलेनाशी झाली, की धावपळ उडते आणि घाईत मोटार, कंट्रोलर किंवा बॅटऱ्यांचा संपूर्ण संच बदलण्याचा महागडा निर्णय घेतला जातो. प्रत्यक्षात बिघाडाचे मूळ बहुधा एखादी दुबळी बॅटरी, गंजलेली जोडणी किंवा एखादा साधा स्विच यांत असते. स्वस्त आणि सोप्या तपासण्या आधी व महागड्या भागांचा विचार शेवटी, हा क्रम पाळल्यास बराच खर्च वाचू शकतो.

विजेचा मार्ग

गाडीतील विजेचा प्रवास समजला की दोष शोधणे सोपे जाते. बॅटऱ्यांतील वीज जाड तारांतून सोलेनॉइडपर्यंत येते. सोलेनॉइड म्हणजे मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकीय स्विच. चावी फिरवून, पुढे-मागे जाण्याचा स्विच निवडून पेडल दाबले, की हा स्विच ‘टक्’ असा आवाज करून मिटतो. त्यानंतर कंट्रोलर पेडलच्या दाबानुसार मोटारीला वीज पुरवतो.

पारंपरिक शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या गाड्या प्रामुख्याने ३६ किंवा ४८ व्होल्टच्या असतात. ३६ व्होल्टसाठी ६ व्होल्टच्या सहा, तर ४८ व्होल्टसाठी ८ व्होल्टच्या सहा किंवा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. एकसर जोडणीत सर्वांतून एकच प्रवाह वाहतो. साहजिकच एक बॅटरी खचली, की संपूर्ण संच दुबळा पडतो.

आधी सुरक्षितता

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत. चावी काढावी आणि ‘रन-टो’ स्विच असल्यास तो ‘टो’वर ठेवावा. अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातील साखळी उतरवावी. पाना दोन टर्मिनलना एकाच वेळी टेकला, तर प्रचंड प्रवाह वाहून भाजण्याचा धोका असतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळपास विडी, सिगारेट वा ठिणगी नको. आम्लापासून बचावासाठी हातमोजे आणि चष्मा आवश्यक होय. बॅटरीची जोडणी तोडल्यावरही कंट्रोलरमध्ये काही काळ विद्युतभार राहू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

बॅटरीची परीक्षा

चार्जिंग संपल्यावर काही तास थांबून मल्टिमीटरने संपूर्ण संचाचा विद्युतदाब मोजावा. पूर्ण चार्ज झालेला ४८ व्होल्टचा संच सुमारे ५०.९, तर ३६ व्होल्टचा सुमारे ३८.२ व्होल्ट दाखवतो. मीटरवर नेमके ४८ दिसले, की संच भरलेला आहे असा समज होतो. तो चुकीचा आहे. एवढ्या दाबाला संचातील निम्मी किंवा त्याहून अधिक ऊर्जा खर्ची पडलेली असते.

त्यानंतर प्रत्येक बॅटरी स्वतंत्र मोजावी. इतरांपेक्षा अर्धा व्होल्ट वा त्याहून कमी दाब दाखवणारी बॅटरी संशयास्पद समजावी. झाकणे उघडणाऱ्या बॅटऱ्यांत हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील द्रावाचे विशिष्ट गुरुत्व पाहता येते. पूर्ण चार्ज स्थितीत ते १.२६५ ते १.२८० च्या आसपास असते. घटाघटांत ०.०५० हून अधिक फरक आढळल्यास कमी आकड्याचा घट निकामी होत चालला आहे, असे मानावे.

पाण्याची पातळी पाहणे तितकेच महत्त्वाचे. एप्रिल-मेच्या उष्म्यात पाणी लवकर आटते. केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, तेही चार्जिंगनंतर. मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे. आम्ल कधीही वाढवू नये.

जोडण्या आणि गंज

टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर दिसणे, तारेचे टोक काळवंडणे, फेरीनंतर एकच जोडणी इतरांपेक्षा अधिक तापणे ही दोषाची लक्षणे आहेत. अशी जोडणी प्रवाहाला अडथळा करते आणि चढावर गाडीचा जोर कमी पडतो. संचाची जोडणी सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व ब्रशने टर्मिनल स्वच्छ करावे, कोरडे करून नट घट्ट आवळावेत. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. पावसाळ्यात दमटपणामुळे ही तपासणी अधिक वेळा करणे हितावह.

‘टक्’ आवाज काय सांगतो?

बॅटऱ्या ठीक असूनही गाडी हलत नसेल, तर पेडल दाबून कान द्यावा. आवाज आलाच नाही, तर चावीचा स्विच, फ्यूज, दिशेचा स्विच, पेडलखालील मायक्रोस्विच किंवा सोलेनॉइडची गुंडाळी यांत दोष असू शकतो. चार्जरची पिन गाडीतच राहिलेली नाही ना, हेही पाहावे. अनेक गाड्या त्या स्थितीत मुद्दाम सुरू होत नाहीत.

आवाज आला पण गाडी हलली नाही, तर सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टर्मिनलमधील दाब तपासावा लागतो. पेडल दाबलेले असताना तो जवळजवळ शून्य हवा. लक्षणीय व्होल्ट शिल्लक राहिल्यास आतील संपर्कबिंदू जळाले आहेत, असे समजावे. ही चाचणी चालू स्थितीत करायची असल्याने चालवायची चाके जमिनीपासून सुरक्षितपणे उचललेली असावीत आणि ती जाणकार तंत्रज्ञानेच करावी. येथपर्यंत सारे ठीक निघाले, तरच कंट्रोलर आणि मोटारीकडे वळावे.

चार्जर सुरू होत नसल्यास

प्रथम भिंतीवरील सॉकेट, एमसीबी आणि पिन तपासावी. अनेक स्वयंचलित चार्जर संचाचा दाब फार खाली गेल्यास सुरूच होत नाहीत. अशा वेळी चार्जर बिघडला असे समजून तो बदलण्याऐवजी तंत्रज्ञाकडून बॅटऱ्या स्वतंत्रपणे थोड्या चार्ज करून घ्याव्यात.

नंतर बसवलेले दिवे, पंखा वा ध्वनिक्षेपक हेही दुखण्याचे कारण ठरते. १२ व्होल्टसाठी संचातील एक-दोन बॅटऱ्यांवरूनच तार घेतली, तर त्या इतरांपेक्षा अधिक रिकाम्या होतात आणि लवकर खचतात. संपूर्ण संचावर चालणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवणे हा योग्य उपाय. लिथियम बॅटरीच्या गाड्यांत मात्र वरील पाणी-आम्लाचे उपाय लागू पडत नाहीत. ती बॅटरी उघडू नये, उत्पादकाच्या तंत्रज्ञाकडेच द्यावी.

नोंदवही ठेवावी

दर महिन्याला प्रत्येक बॅटरीचा दाब आणि पाणी घातल्याची तारीख एका वहीत लिहून ठेवली, तर कोणती बॅटरी घसरते आहे ते गाडी अडण्यापूर्वीच कळते. संच नवा असल्यास एकच बॅटरी बदलता येते. जुन्या संचात मात्र नवी बॅटरी जुन्यांच्या संगतीने लवकर खचते, म्हणून तेथे संपूर्ण संच बदलणेच अखेर किफायतशीर ठरते. हा निर्णय अंदाजाने न घेता वहीतील आकड्यांवरून घ्यावा.