तळटीप : पाँडिचेरीच्या फ्रेंच माताजी
१. फ्रेंच माताजी : मीरा अल्फासा (१८७८–१९७३). जन्म पॅरिसचा, वडील तुर्कस्तानचे, आई इजिप्तची, स्वतः चित्रकार. २९ मार्च १९१४ रोजी त्या पती पॉल रिशार यांच्यासह पाँडिचेरीत आल्या आणि श्री अरविंदांना भेटल्या. धुळेकरांना अरविंद परके नव्हते : सुरतेची काँग्रेस फुटल्यावर जानेवारी १९०८मध्ये नाशिक, धुळे, अमरावती, नागपूर असा त्यांचा व्याख्यानदौरा झाला होता. पुढे १९१०मध्ये ते पाँडिचेरीला, म्हणजे फ्रेंच हद्दीत गेले. धुळ्यासह खानदेशावर इंग्रजांचा अंमल होता. त्यांचा कायदा पाँडिचेरीत चालत नसे.

महायुद्धामुळे मीराबाईंना १९१५मध्ये परतावे लागले. जपानमार्गे २४ एप्रिल १९२० रोजी त्या पुन्हा आल्या, त्या कायमच्या. नोव्हेंबर १९२६मध्ये अरविंद एकांतात गेले आणि त्यांच्या आश्रमाचा सगळा कारभार मीराबाईंवर आला : स्वयंपाकघर, हिशेब, बांधकाम, साधकांचे प्रश्न. महिन्याच्या पहिल्या तारखेला साबण, कापड अशा वस्तू त्या साधकांना स्वतः वाटत. १९४३मध्ये त्यांनी शाळा काढली. सत्तरी ओलांडल्यावरही त्या टेनिस खेळत.

त्या फ्रेंच असल्या तरी वसाहतीच्या सरकारशी त्यांचा अधिकारपदाचा संबंध नव्हता. मूळ लेखातील ‘फ्रेंचांच्या बाई’ हा उल्लेख त्या बेताने वाचावा. १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरीचा कारभार भारताकडे आला, त्या मात्र तिथेच राहिल्या. १९६८मध्ये त्यांनी ऑरोविल वसवले. अरविंदांच्या समाधीतच त्यांचीही समाधी आहे.

— संपादक