विनोदबिहारी मुखर्जी : दृष्टी आणि व्यासंग

कलानिर्मितीच्या मुळाशी नेमके काय असते, या प्रश्नाला भारतीय काव्यशास्त्राने एकच एक उत्तर दिलेले नाही. दंडीने नैसर्गिक प्रतिभेला मान दिला. पण ती नसली तरी श्रवण आणि यत्न यांनी उपासिलेली वाणी काही ना काही अनुग्रह करतेच, असेही म्हणून ठेवले. मम्मटाने पुढे शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी त्रयी सांगितली, आणि या तिघी मिळून काव्याचा एकच हेतू होतो, असे बजावले. त्याने ‘हेतू’ हा शब्द एकवचनी वापरला आहे, हे टीकाकारांनी आवर्जून दाखवून दिले आहे. पुढील काळात मात्र, विशेषतः युरोपीय स्वच्छंदतावादाचा परिचय झाल्यावर, आपल्याकडे ‘स्फूर्ती’ या कल्पनेचे माहात्म्य फार वाढले. कलावंताला बाहेरून काही तरी स्पर्शून जाते आणि मग तो लिहितो अथवा रंगवतो, अशी एक समजूत रूढ झाली. अभ्यास हा शब्द जणू कमी प्रतीच्या कलावंतांसाठी राखून ठेवला गेला.

या समजुतीची कसोटी पाहावयाची तर शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांच्या जीवनाकडे वळावे. चित्रकाराला ज्या इंद्रियावाचून गत्यंतर नाही असे आपण धरून चालतो, ते इंद्रिय त्यांना जन्मापासून पुरते लाभलेच नव्हते, आणि पन्नाशी उलटल्यावर तेही गेले. त्यानंतर त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केले. ही कथा बहुधा धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते. धैर्य त्यात आहेच. परंतु केवळ धैर्य सांगून थांबणे हा त्यांच्यावर अन्याय होय. धैर्याने मनुष्य दुःख सोसू शकतो. तेवढ्याने चित्र उभे राहत नाही.

विनोदबिहारींचा जन्म कोलकात्याजवळील बेहाला येथला. एका डोळ्याने दिसत नव्हते, दुसऱ्याने फारच अंधुक दिसे. नेहमीच्या शाळेचा अभ्यास झेपणार नाही, असे ठरल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना शांतिनिकेतनच्या आश्रमशाळेत धाडण्यात आले. १९१९ मध्ये तेथे कलाभवन सुरू झाले, तेव्हा ते त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. गुरू नंदलाल बोस यांना या मुलाच्या दृष्टीविषयी शंका होती. हा चित्रकलेत काय करणार, अशी चिंता त्यांनी रवींद्रनाथांजवळ बोलून दाखविली. रवींद्रनाथांनी, मुलगा नेमाने आपल्या जागेवर बसतो काय आणि मन लावून काम करतो काय, एवढेच विचारले, आणि तसे असेल तर त्याला अडवू नये असे सुचविले, अशी हकिकत सांगितली जाते. त्यांनी मुलाच्या प्रतिभेची चौकशी केली नाही, बैठकीची केली. स्फूर्तीचा कवी म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्याच तोंडचा हा प्रश्न आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्या काळातील बंगाली चित्रशैलीला पुराणकथांची आणि भावविभोर मुद्रांची ओढ होती. विनोदबिहारी त्या वाटेने फारसे गेले नाहीत. त्यांना जवळचा विषय सापडला तो शांतिनिकेतनभोवतीच्या वीरभूमच्या माळावर. तेथल्या लाल जांभ्या मातीत पावसाच्या पाण्याने खोल घळी पडतात. त्यांना ‘खोआई’ म्हणतात. एखाददुसरा ताड, दूरवर संथाळांची वस्ती, बाकी सारा मोकळा, ओसाड विस्तार. रम्य म्हणावे असे तेथे थोडेच. परंतु ज्याला तपशील दिसत नाहीत त्याला अवकाश दिसतो, आणि ज्याला एका नजरेत सगळे कवेत घेता येत नाही त्याला ते चालून पाहावे लागते. १९२०च्या दशकापासून त्यांनी लांबच लांब गुंडाळपटांवर हा प्रदेश रंगविला. १९२४ चा शांतिनिकेतनच्या परिसराचा एक पट तर ४० फुटांहून लांब आहे. असा पट एकदम पाहावयाचा नसतो. तो उलगडत जावे लागते, डोळा आणि पाय एकाच गतीने चालतात. पूर्व आशियातील ही परंपरा त्यांना का भावली असावी, याचे उत्तर त्यांच्या डोळ्यांच्या अवस्थेतच आहे. १९३७–३८ मध्ये त्यांनी जपानचा प्रवास केला आणि सेश्शू, सोतात्सू यांची चित्रे प्रत्यक्ष पाहिली. तेव्हा त्यांना आपल्याच वाटेवरचे पूर्वसुरी भेटले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९२५ पासून ते कलाभवनात अध्यापन करीत होते. १९४० मध्ये तेथील वसतिगृहाच्या छतावर त्यांनी वीरभूमचे ग्रामजीवन चितारले. दोन वर्षांनी चीनभवनाच्या भिंतीवर आश्रमातील दैनंदिन जीवन आणले. आणि १९४६–४७ मध्ये हिंदीभवनात त्यांचे सर्वांत मोठे काम झाले. मध्ययुगीन संतांच्या जीवनावरील हे भित्तिचित्र दालनाच्या तीन भिंतींवर, वरच्या भागात, अखंड पट्ट्यासारखे पसरले आहे. क्षितिमोहन सेन यांनी संतवाणीचा जो शोध आयुष्यभर घेतला, त्याची पार्श्वभूमी या कल्पनेला होती.

या चित्राच्या तंत्राकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग भरावयाचे असतात. गिलावा वाळत असताना हवेशी संयोग होऊन चुन्याचा पुन्हा दगड बनतो आणि रंग त्यात कायमचा बांधला जातो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगविता येईल तेवढाच गिलावा करावयाचा, आणि तो ओला आहे तोवरच हात चालवावयाचा. चूक झाली तर पुसण्याची सोय नाही. गिलावाच खरवडून काढावा लागतो. (या पद्धतीवरील चेन्निनो चेन्निनीचा जुना इटालियन ग्रंथ १८९९ मध्ये इंग्रजीत आणणाऱ्या क्रिस्तियाना हेरिंगहॅम याच पुढे अजिंठ्याला आल्या आणि तेथील चित्रांच्या प्रतिकृती करताना तरुण नंदलाल त्यांच्या सोबत होते, हा योगायोग मोठा वेधक आहे. अजिंठ्याच्या भिंती मात्र कोरड्या गिलाव्यावर रंगविलेल्या आहेत.) अशा कामासाठी चित्रकार सामान्यतः पूर्ण आकाराचा आराखडा कागदावर करून तो भिंतीवर उतरवून घेतात. विनोदबिहारींनी तसे केले नाही. लहान टिपणे होती; बाकी सारी रचना डोक्यात. के. जी. सुब्रमण्यन आणि पत्नी लीला मुखर्जी यांच्यासारखे साहाय्यक हाताशी होते, पण कोणती आकृती कोठे वळणार हे एकट्या विनोदबिहारींना ठाऊक होते. भिंतीला डोळे भिडवून रंगविणाऱ्या माणसाला संपूर्ण चित्र मागे सरून पाहणे शक्य नव्हते. ते त्याच्या स्मरणात आधीच पूर्ण झालेले असले पाहिजे.

चित्रातील संतही पूजेच्या चौरंगावर बसलेले नाहीत. कबीर मागावर आहे, भोवती माणसांची दाटी आहे. नदी डोंगरातून सपाटीवर येते, तिच्या काठाने घाट, बाजार, कारागीर, घोडे, प्रवासी असा लोकप्रवाह वाहतो. मराठी वाचकाला येथे वारीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. फाळणीपूर्वीच्या दंगलींनी बंगाल होरपळत असताना हे काम झाले. चित्रात त्याचा थेट उल्लेख कोठेही नाही, आणि असण्याची गरजही नव्हती. या गर्दीत सूरदासही आहेत. पुढे जे घडावयाचे होते त्याचा संकेत त्या आकृतीत शोधण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा.

१९४९ मध्ये त्यांनी शांतिनिकेतन सोडले. काठमांडूच्या शासकीय संग्रहालयाचे काम, मग राजस्थानातील वनस्थली विद्यापीठ, मसुरीला पत्नीसह चालविलेली कलाशाळा, पुढे पाटणा, अशी ही भ्रमंतीची वर्षे. १९५६–५७ च्या सुमारास दिल्लीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, ती फसली, आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. १९५८ मध्ये ते कलाभवनात परतले, ते कलेच्या इतिहासाचे आणि सिद्धांताचे अध्यापक म्हणून. चित्रे न पाहता चित्रांविषयी शिकवावयाचे, हे ऐकावयास विलक्षण वाटते. पण ज्याने जन्मभर चित्र आधी स्मरणात बांधले त्याला त्यात अगदीच परके असे काही नव्हते.

प्रश्न उरला तो स्वतः निर्माण करण्याचा. येथे ‘अंतर्दृष्टी’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. जणू बाहेरचे डोळे मिटले आणि आतला दिवा आपोआप लागला. प्रत्यक्षात घडले ते अधिक खडतर आणि अधिक कारागिरीचे होते. विनोदबिहारींनी माध्यमे बदलून पाहिली. मेणाच्या लहान आकृती घडविल्या. जाड शाईच्या लेखण्यांनी रेखाटने केली. शिळाछापे काढले. कागदाच्या घड्या घातल्या आणि कात्रीने आकार कापून ते चिकटविले. प्रत्येक माध्यमाला त्यांनी विचारलेला प्रश्न एकच असावा: केलेले काम हाताला परत सापडते काय? लेखणी कागदावरून उचलली की रेषा हरवते, बोटांना ती लागत नाही. मेणाचा आकार मात्र मुठीत राहतो. आणि कापलेल्या कागदाला कड असते. ती बोटांनी वाचता येते. रंगीत कागद निवडताना दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागे, पण रंगांची नाती त्यांना पाठ होती.

या काळातील सर्वच कामे सारख्या तोलाची नाहीत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. काही रेखाटने हाताच्या जुन्या सवयीवर चाललेली दिसतात. कागदकामांची गोष्ट वेगळी. त्यांत आकृती कमीत कमी कापांत उभी राहते, रंगांची पटले एकमेकांना भिडतात, आणि पूर्वीच्या चित्रांत न आढळणारा एक प्रकारचा खेळकरपणा येतो. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार मातीस यांनीही कात्री हाती घेतली होती, आणि ही तुलना नेहमी केली जाते. ती अंशतःच खरी आहे: मातीस भिंतीवर लावलेले आकार पाहून हलवू शकत होते. विनोदबिहारींना तो आकार चिकटविण्यापूर्वीच योग्य जागी असावा लागे. म्हणजे पुन्हा हिंदीभवनाच्या ओल्या गिलाव्याचीच शिस्त. मम्मटाचा ‘अभ्यास’ तो हाच. दृष्टी गेल्यावर त्यांनी नवे बळ कोठून आणले, असे विचारण्यापेक्षा, दृष्टी असताना त्यांनी कोणते बळ साठविले होते, असे विचारणे अधिक युक्त होय.

याच वर्षांत ते लेखनाकडेही वळले. ‘चित्रकर’ हे त्यांचे बंगाली आत्मकथन त्या भाषेच्या गद्यात मानाचे मानले जाते. सुब्रमण्यन यांनी ते पुढे इंग्रजीत आणले. ‘कत्तामशाय’ या कथनात त्यांनी एका अंध वृद्धाचे दिवस रंगविले. आवाज, स्पर्श, घरातली ठरलेली ये-जा, आणि मधूनच येणारी चिडचिड यांतून ते उभे राहतात. करुणेची मागणी त्यात नाही. अंधत्वाला त्यांनी उणीव न मानता अनुभवाचा एक निराळा प्रदेश मानले, आणि वीरभूमच्या माळाचे जसे केले तसे त्याचे बारकाईने वर्णन केले.

१९७२ मध्ये त्यांचे शिष्य सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट काढला. बाहेरच्या जगाला विनोदबिहारी बहुतांशी त्यातूनच माहीत झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. कन्या मृणालिनी (१९४९–२०१५) बडोद्याला सुब्रमण्यन यांच्याकडे शिकून शिल्पकार झाल्या. त्यांची ख्याती तागाच्या दोरांना गाठी मारमारून घडविलेल्या भव्य आकृतींसाठी आहे.

लघुपटाच्याच वर्षी कलाभवनाच्या भिंतीवर विनोदबिहारींचे शेवटचे मोठे भित्तिचित्र उभे राहिले. ते रंगविलेले नाही. आधी कागदाच्या घड्यांतून आकृती ठरल्या, मग मातीच्या लाद्यांवर त्या उठावात घडविल्या गेल्या, भाजल्या गेल्या आणि एकेक करून भिंतीत बसविल्या गेल्या. ओल्या गिलाव्याच्या घाईतून येथे सुटका होती: लादी हातात धरता येई, तपासता येई, नको असेल तर बाजूला ठेवता येई. भिंतीवरच्या माणसांच्या कडा आजही बोटांना लागतात.